बंड्याच्या पोटाला घड्याळ लावण्याआधी

दादरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत. घरात सहा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे, वजन 34 किलो; आपण त्याला बंड्या म्हणू. मेच्या मध्यापासून आठवड्यातून दोनतीनदा तो पहाटे सहाच्या सुमारास उलटी करतो. उलटीत ड्राय फूडचे दाणे असतात, त्यातले बरेचसे अख्खे. हे दाणे त्याने रात्री आठला खाल्लेले, म्हणजे दहा तास पोटातच राहिले, असा ताईंचा हिशेब आहे. एक्स-रे झाला, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, पोट हळू रिकामं होत असावं, वाटल्यास तपासून पाहू. ताईंनी इंटरनेटवर वाचलं की अन्न चार ते सहा तासांत पोटातून पुढे जायला हवं. मग त्यांनी घरीच प्रयोग केला. जेवणात मक्याचे दाणे मिसळले आणि ते बंड्याच्या शीमध्ये कधी दिसतात ते पाहिलं. 26 तास लागले. त्यामुळे त्या फार घाबरल्या आहेत. त्यांच्या मते दोष सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा आहे. आप्पा बंड्याला तूप लावलेली पोळी देत, ती ताईंनी बंद केली. तेव्हापासून आप्पा जेवणाच्या टेबलावर फारसे बोलत नाहीत. ताई विचारतात: पोट रिकामं होण्याचा वेग मोजायची सगळ्यात अचूक चाचणी कोणती, मुंबईत ती कुठे होईल, आणि आकडा हातात आला की आप्पांना पटेल ना?

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पशुवैद्य म्हणून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमचं घर डोळ्यांसमोर होतं. तुम्ही बंड्याकडे इतकं बारीक लक्ष देता, तारखा लिहून ठेवता, हे पाहून बरं वाटलं. कित्येक घरांत उलटी पुसून टाकतात आणि ती कधी झाली हे महिन्याभराने कुणालाच आठवत नाही. तरीही तुमच्या हिशेबातल्या काही गोष्टी मला तपासून घ्याव्याशा वाटतात.

सुरुवात मक्यापासून करू, कारण तुमची सगळ्यात मोठी भीती त्यातूनच आली आहे. तोंडात गेलेली वस्तू शीमध्ये दिसेपर्यंतचा वेळ म्हणजे पूर्ण पचनमार्गाच्या प्रवासाचा वेळ. त्यात पोट आलं, लहान आतडं आलं आणि मोठं आतडंही आलं. यातला बराचसा वेळ मोठ्या आतड्यात जातो. निरोगी कुत्र्यातही हा प्रवास एका दिवसाच्या आसपास चालतो, तेव्हा तुमचे 26 तास घाबरण्यासारखे नाहीत. दादरहून सुटलेली गाडी पुण्याला उशिरा पोचली, म्हणून ती दादरलाच अडकून पडली होती असं आपण म्हणत नाही ना? पोटाचा वेग त्या आकड्यात लपलेला आहे आणि तो तिथून वेगळा काढता येत नाही.

मक्याची आणखी एक अडचण आहे. कुत्र्याचं पोट सगळ्या वस्तूंना सारखी वागणूक देत नाही. पाणी, ताक, पेज जवळजवळ लगेच पुढे सरकू लागतात. घन अन्नाचं तसं नसतं. पोटाचा खालचा भाग जात्यासारखा काम करतो: अन्न पायलोरसच्या, म्हणजे पोटाच्या बाहेरच्या दाराच्या दिशेने ढकलायचं, दार जवळपास मिटलेलं ठेवायचं, अन्न मागे फेकायचं, पुन्हा ढकलायचं. यात अन्नाचे साधारण 2 मिलीमीटरपेक्षा लहान कण झाले की ते पिठासारखे हळूहळू पलीकडे जातात. म्हणून जेवणानंतरचा सुरुवातीचा काही काळ घन अन्न पोटातून फारसं हलतच नाही आणि मग ते बऱ्यापैकी एका लयीत बाहेर पडू लागतं.

जे दळलं जात नाही, म्हणजे मक्याचं साल, हाडाचा तुकडा, प्लॅस्टिक, ते मागे थांबतं. जेवण संपून पोट रिकामं झालं की एक वेगळी, जोरकस लाट येते. उपाशी कुत्र्यात ती साधारण दीड-दोन तासांनी पुन्हा पुन्हा येते. त्या वेळी दार सैल असतं आणि उरलंसुरलं झाडून पुढे जातं. 1969 मध्ये ही लाट सविस्तर मांडली गेली ती कुत्र्यांवरच्याच अभ्यासातून. शास्त्रज्ञ तिला घर झाडणारी लाट म्हणतात आणि मला ते नाव फार आवडतं. रात्रीचं जेवण उरकून, भांडी घासून झाल्यावर घरातली बाई ओटा पुसते, तसंच हे. म्हणजे मक्याचा दाणा बंड्याच्या पोटातून निघाला असेल तर तो अन्नाबरोबर नव्हे, अन्नानंतर. त्याच्यावरून पोळीचा किंवा ड्राय फूडचा वेग ठरवता येणार नाही.

आता ते ‘चार ते सहा तास’. हा आकडा तुम्ही वाचलात, पण त्यात जेवण कोणतं होतं, किती होतं आणि मोजलं कसं हे लिहिलेलं नसणार. या तीन गोष्टी नसतील तर आकड्याला अर्थ राहत नाही. नुसतं पातळ बेरियम, म्हणजे एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रव्य, पाजून एक्स-रे काढले तर ते साधारण 1 ते 4 तासांत पोटातून गेलेलं दिसतं. तेच बेरियम ड्राय फूडमध्ये कालवून दिलं तर त्याच कुत्र्याला कितीतरी जास्त तास लागतात. जेवण मोठं असेल तर वेळ वाढतो. तूप-तेल जास्त असेल तरीही वाढतो, कारण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला चरबी जाणवली की तिथून ‘जरा थांब’ असा निरोप हार्मोन्समार्फत पोटाला जातो. इथे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, तुपाने पोट मंदावतं. पण हा आजार नव्हे. शरीर शहाणपणाने वागतं, त्याचाच हा भाग. एक-दोन पोळ्यांचं तूप 34 किलोच्या कुत्र्याला महिनाभर उलट्या करायला लावेल, हे मला पटत नाही.

तुम्ही अचूक चाचणी विचारलीत, तेही सांगते. संशोधक जिला कसोटी मानतात ती सिंटिग्राफी: जेवणात टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात मिसळायचा आणि गॅमा कॅमेऱ्याने दर थोड्या वेळाने पाहायचं की पोटात किती उरला. निम्मं जेवण बाहेर पडायला लागलेला वेळ, हा तिचा मुख्य आकडा. यासाठी खास परवानगीची व्यवस्था लागते, किरणोत्सार उतरेपर्यंत कुत्र्याला वेगळं ठेवावं लागतं. नेहमीच्या दवाखान्यात हे होत नाही. दुसरी श्वासाची चाचणी आहे. अंड्याच्या बलकात कार्बन-13 (वेगळा ओळखू येणारा, जरा जड कार्बन) असलेलं ऑक्टॅनॉइक आम्ल मिसळून देतात. ते किरणोत्सारी नाही. पोटातून पुढे गेलं की शोषलं जातं, यकृतात जळतं आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतं. काही तास मास्क लावून श्वासाचे नमुने घ्यायचे. कुत्र्याला त्रास नाही, पण हे मोजमाप आडून केलेलं आहे. शोषण किंवा यकृत बिघडलेलं असेल तर आकडाही बिघडतो. बेरियम भरलेल्या बारीक गोळ्या असतात, 1.5 आणि 5 मिलीमीटरच्या. त्या जेवणातून देऊन एक्स-रे काढतात. मोठ्या गोळ्या एका ठिकाणी अडकून बसल्या तर अडथळ्याचा संशय येतो. गिळायची वायरलेस कॅप्सूलही आहे. ती आतलं आम्ल, दाब आणि तापमान कळवत राहते. पण ती इतकी मोठी असते की अन्नाबरोबर जात नाही, त्या झाडणाऱ्या लाटेचीच वाट पाहते.

म्हणजे या चार चाचण्या एकाच कुत्र्यावर केल्या तर चार वेगळे आकडे येतील आणि चारही आपापल्या जागी खरे असतील. तुम्हाला हवा असलेला ‘बंड्याचा आकडा’ असा एक नाहीच.

त्यात कुत्र्याचं मनही येतं. 1896 साली, क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालेलं असताना, हार्वर्डमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅनन यांनी प्राण्यांचं गिळणं आणि पचणं त्या किरणांखाली पाहायला सुरुवात केली. मांजरांना बिस्मथ (बेरियमसारखंच एक्स-रेत दिसणारं द्रव्य) मिसळलेलं अन्न देऊन ते पोटाच्या लाटा पाहत. त्यांच्या लक्षात आलं की मांजर बिथरली, धडपडू लागली की लाटा थांबतात. शांत झाली की पुन्हा सुरू होतात. अनोळखी टेबलावर, चार माणसांनी दाबून धरलेल्या कुत्र्याचं पोट घरच्यासारखं चालत नाही. त्याला शांत करायला झायलाझीनसारखं गुंगीचं औषध दिलं तर ते औषधच पोट मंद करतं. गणपतीतल्या ढोलांच्या किंवा दिवाळीतल्या फटाक्यांच्या दिवसांत मोजलेला आकडा तर मी विचारातही घेणार नाही.

मग करायचं काय? ताई, माझ्या मते तुमचा पहिला प्रश्न ‘किती वेगाने’ हा नसावा. ‘का’ हा असावा. आणि त्याचे दोन धागे तुमच्याच पत्रात आहेत.

पहिला धागा: उलट्या मेच्या मध्यापासून सुरू झाल्या. मे महिना, दादर, लॅब्रेडॉर. मला लगेच आंब्याची कोय आठवली. लॅब्रेडॉर कोय चावत बसत नाही, गिळतो. घरातून नसेल तर शिवाजी पार्कच्या फेरीत, रसवाल्याच्या मागच्या कचऱ्यातून. कोय पायलोरसमधून जात नाही, झाडणाऱ्या लाटेलाही ती झेपत नाही. ती पोटात तरंगत राहते, कधी दारात येऊन बसते, कधी बाजूला होते. म्हणून उलटी रोज होत नाही, आठवड्यातून दोनतीनदा होते, आणि मधल्या दिवसांत कुत्रा हुंदडत असतो. आणि साध्या एक्स-रेत कोय नीट दिसेलच असं नाही. हाड किंवा नाणं जसं पांढरंशुभ्र दिसतं, तशी ती दिसत नाही.

मी हे इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. नवी नवी प्रॅक्टिस होती तेव्हा अशाच एका लॅब्रेडॉरला मी ‘पोट मंद आहे’ म्हणून तीन आठवडे पोट हलवणारी औषधं दिली. एक्स-रे स्वच्छ होता, म्हणून मी निर्धास्त होते. शेवटी ऑपरेशनमध्ये निघाली ती कोय, बुळबुळीत, काळी पडलेली. कुत्रा वाचला. पण दार बंद असताना पोटाला आतून ढकलायला लावणं किती धोक्याचं असतं हे मला तेव्हा कळलं आणि मी ते विसरलेले नाही. म्हणून कळकळीने सांगते, घरात माणसांसाठी आणलेल्या मेटोक्लोप्रामाइडच्या, म्हणजे पोट हलवणाऱ्या, गोळ्या असतील तर बंड्याला देऊ नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. आधी अडथळा नाही हे सिद्ध व्हायला हवं. दुखतंय वाटून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन तर अजिबात नाही. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ती घातक आहेत.

तेव्हा डॉक्टरांकडे सोनोग्राफी मागा. सकाळची वेळ घ्या, रात्रीचं जेवण आठच्या आत, त्यानंतर फक्त पाणी. सोनोग्राफीत कोयीची सावली दिसू शकते, पोटाची भिंत जाड झाली आहे का, पायलोरस अरुंद आहे का हे दिसतं. आणि तुम्हाला हवं असलेलं मोजमापही त्यातच थोडंफार होतं: बारा तासांनंतरही पोट अन्नाने भरलेलं असेल तर ती पोट उशिरा रिकामं होत असल्याची ठळक खूण आहे. पुरावा म्हणणार नाही, कारण जेवण फार मोठं आणि कोरडं असेल तर निरोगी कुत्र्यालाही वेळ लागतो. पुढे गरज वाटली तर ठरावीक जेवण देऊन दर अर्ध्या-एक तासाने पोटाच्या खालच्या भागाचा आकार मोजता येतो. गुंगी लागत नाही. मात्र पाहणाऱ्याचा हात बसलेला हवा. सोनोग्राफीतही उलगडा झाला नाही तर दुर्बीण घालून पाहणं हा पुढचा टप्पा. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं जुनं रुग्णालयही तिथेच आहे. पण तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना डावलून जाऊ नका, त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन जा. बंड्याचा आधीचा इतिहास त्यांच्याकडे आहे.

दुसरा धागा नाजूक आहे. तुम्ही ओघात लिहिलंत, ‘आप्पा साडेचारला उठतात, चहा घेतात, बंड्या त्यांच्या पायाशी असतो.’ आणि उलटी सहाला. ताई, ते दाणे रात्री आठचेच आहेत हे कशावरून?

मी आप्पांवर आरोप करत नाही. पण दहा तास पोटात राहिलेला ड्राय फूडचा दाणा सहसा भिजून फुगतो, बोटाने दाबला की लगदा होतो. पुढच्या वेळी हातमोजा घालून एक दाणा दाबून बघा. आतून अजून कडक असेल तर तो दीड तासापूर्वीचा असण्याची शक्यता जास्त. पहाटे डब्यातले मूठभर दाणे टाकणारा म्हातारा माणूस त्याला ‘खायला देणं’ म्हणत नाही. त्याच्या लेखी ती सोबत असते. तुम्ही पोळी बंद केल्यावर तर ही मूठ आणखी गुपचूप झाली असेल. डबा रात्री तोलायचा आणि सकाळी पुन्हा तोलायचा, असा मार्ग काहीजण सुचवतील. मी सुचवणार नाही. वजन कळेल, पण आप्पा कायमचे दुखावतील, आणि बंड्याला बरं करायला मला आप्पा हवे आहेत. पहाटे साडेचारला जागा असलेला घरातला तो एकच माणूस आहे.

एक वही करा आणि ती आप्पांच्या चहाच्या कपाजवळ ठेवा. त्यांना सांगा की बंड्याचं निदान पहाटेच्या नोंदींवर अवलंबून आहे, आणि ते खरंच आहे. काय खाल्लं, किती वाजता, किती, पाणी, फिरणं, उलटी. उलटीच्या आधी पोट आक्रसलं, ‘व्हक् व्हक्’ केलं, की मान खाली घालून नुसतंच बाहेर आलं, हेही लिहायला सांगा. शक्य तर मोबाइलवर व्हिडिओ. हा फरक महत्त्वाचा आहे. काही जोर न लावता अन्न नळीच्या आकारात बाहेर आलं तर ते पोटापर्यंत पोचलेलंच नसतं. मग दोष अन्ननलिकेत असतो आणि पोटाच्या सगळ्या चाचण्या वाया जातात. दाण्यांऐवजी नुसतं पिवळं पाणी पडत असेल तर गोष्ट आणखी वेगळी. रिकाम्या पोटी पित्त वर आल्याने असं होतं आणि झोपण्यापूर्वी थोडं खाऊ दिल्याने पुष्कळदा थांबतं.

सोनोग्राफी होईपर्यंत दिवसाचं तेवढंच अन्न दोनऐवजी तीन-चार वेळा द्या, ड्राय फूड कोमट पाण्यात भिजवून. रात्रीचं जेवण साडेसातला. तूप, मलई, तळलेलं आणि हाडं बंद. मका आणि कणसंही बंद, प्रयोग पुरे. आप्पांची पोळी मात्र परत सुरू करा: कोरडी, अर्धी, ठरलेल्या वेळी, आणि वहीत नोंदलेली.

आता एक गोष्ट जिथे वही, चाचणी, पत्र कशासाठीच थांबायचं नाही. पोट फुगून टणक झालं, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण बाहेर काही येत नाही, लाळ गळतेय, अस्वस्थपणे फेऱ्या मारतोय किंवा कोसळलाय, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत हे होतं आणि काही तासांत जीव जातो. रात्रीचे दोन वाजले असले तरी टॅक्सी काढायची. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर लावा. उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, पाणीही ठरेना, सलग उलट्या होऊ लागल्या, वजन उतरलं, तर त्याच दिवशी दाखवा.

ज्या वाचकांच्या कुत्र्यांना खरोखरच पोट मंद असल्याचं निदान झालं आहे, त्यांनी मोजमाप करायचंच असेल तर दोन्ही वेळा तेच जेवण, तेवढंच, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने करून घ्यावं: एकदा उपचाराआधी, एकदा नंतर. इंटरनेटवरच्या आकड्याशी तुलना करू नये, आपल्याच कुत्र्याच्या आधीच्या आकड्याशी करावी. आणि चाचणीला हो म्हणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं, ‘आकडा असा आला तर तुम्ही काय बदलाल, तसा आला तर काय?’ दोन्हीचं उत्तर एकच असेल तर पैसे आणि कुत्र्याची दगदग वाचवावी.

आकडा आल्यावर आप्पांना पटेल का, असं तुम्ही विचारलंत. बंड्याच्या पोटात कोय निघाली तर ती घरातूनच गेली की रस्त्यावरून, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते शोधूही नका. सोनोग्राफीला आप्पांना बरोबर घेऊन जा. टेबलावर बंड्याचं डोकं त्यांना धरू द्या. त्यांच्या हाताखाली तो शांत राहील, आणि चित्रही स्पष्ट येईल.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि 34 किलो लिहा. दोन आठवड्यांनी दवाखान्याच्या काट्यावर पुन्हा वजन करा, आणि सोनोग्राफीत काय दिसलं ते मला नक्की कळवा.